कप्पीचा आधार: स्लॉट की पिन?

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आय-बीमखाली (इंग्रजी I आकाराच्या पोलादी तुळईखाली) कप्पी टांगायची आणि ती पुढेमागे सरकायलाही हवी, म्हटलं की कुणी प्लेटला लांबट स्लॉट पाडून बोल्ट आवळतं, कुणी ओळीत भोकं पाडून पिन घालतं.

स्लॉटमध्ये कप्पी अगदी मिलिमीटरभरही सरकवता येते. दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमच्या रेषेत आणायला हे फार सोयीचं. पण स्लॉटच्या दिशेने ओढ आली की बोल्टची पकड फक्त घर्षणाची. प्लेटवर ग्रीस असेल तर आधार सरकलाच म्हणून समजा. आणि आधारावरचा एकूण भार थोडाथोडका नसतो. स्थिर कप्पीवर ५०० किलोचा माल लटकला आणि दोराच्या दोन्ही बाजू समांतर खाली आल्या, तर आधारावर १००० किलो येतात, कारण दोराच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढीच ओढ असते. दोर काटकोनात वळला तर सुमारे ७०७. झटका बसला की त्याहून जास्त.

पिन घसरत नाही, शिवाय ती नीट बसली की नाही हे खालूनही दिसतं. जागा मात्र भोकांच्या टप्प्यांनीच बदलते. टप्पे बारीक करायच्या नादात भोकं खेटून पाडली, तर मधली पट्टी फाटते.

माल उचलायला मी पिनच घेईन. स्लॉटच हवा असेल तर ओढीच्या बाजूला जॅक-बोल्टचा (टेकवून रेटा देणाऱ्या बोल्टचा) अटकाव आणि तो सैल होऊ नये म्हणून त्यावर लॉकनट हवाच.