थंडीत स्ट्रॉबेरी झाकायची कशानं: काड, कापड की प्लास्टिक?

सातपुड्यात डाबच्या पट्ट्यात पहाटे दव गोठायला लागलं की स्ट्रॉबेरीवाल्यांचे एकमेकांना फोन सुरू होतात. कुणी सांगतं गव्हाचं काड पसरा, कुणी सांगतं क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर ओढायचं पातळ कापड, आणा. ठरवण्याआधी आपल्याला नेमकं वाचवायचंय काय, ते पाहू.

युरोप-अमेरिकेत बर्फाच्या दिवसांत स्ट्रॉबेरीचं रोप झोपलेलं असतं. तिथे काडाचा जाड थर देऊन रोपाचा क्राउन, म्हणजे मुळांवरचा आखूड जाड बुंधा, जगवतात. आपल्याकडे लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे ऐन थंडीत रोप फुलाफळावर असतं. क्राउन शून्याखाली काही अंश सहज सोसतो; उमललेलं फूल मात्र उणे १ च्या आसपासच मरतं. आपली लढाई फुलासाठी आहे.

म्हणून काडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थंडीसाठी ते नको. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते आणि तीच फुलाला सावरते. मध्ये काडाचा थर आला की ऊब खालीच अडते, वरचं फूल उलट जास्त गारठतं. काडानं फळ मातीला लागत नाही, हा फायदा खराच, पण वाफ्यावर मल्चिंग पेपर (पातळ प्लास्टिकचं आच्छादन) असेल तर तेही काम झालेलं असतं.

कापडी क्रॉप कव्हर आणि प्लास्टिकचा लो टनेल (वाफ्यावर कमानी रोवून त्यांवर प्लास्टिक ओढलेला बुटका बोगदा), खरी निवड या दोघांत. १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पातळ कापड एक-दोन अंशांचा आधार देतं, ३० च्या पुढचं त्याहून जास्त. त्यातून हवा खेळते, त्यामुळे सकाळी काढायला थोडा उशीर झाला तरी पीक शिजत नाही. मात्र फुलोऱ्यात दिवसा ते उघडायलाच हवं, नाहीतर मधमाशी आत येत नाही आणि फळं वेडीवाकडी होतात. प्लास्टिक पावसातही उपयोगी पडतं, पण खानदेशात दुपारी जानेवारीतही ऊन चटकतं. नऊच्या आत टोकं उघडणारा माणूस शेतावर नसेल तर टनेल घेऊच नका. शिवाय थंड प्लास्टिक जिथे पानाफुलाला टेकतं तिथेच चटका बसतो, म्हणून कमानी उंच हव्यात. माझा कौल ३० जीएसएमच्या कापडाला, तेही कमानींवर.

तुषार सिंचन शास्त्रानं बरोबर आहे. पाणी गोठताना उष्णता सोडतं. पण एकदा सुरू केलं की बर्फ वितळेपर्यंत थांबता येत नाही. मध्येच वीज गेली तर काही न करण्यापेक्षा नुकसान मोठं. शेतीची वीज कशी येते-जाते हे तुम्हाला माहीत आहेच. रावेर-यावलचे केळीवाले शेकोट्या करतात. त्यात ऊब जाळाची, नुसता धूर फारसं काही करत नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे आदल्या दिवशी दुपारपर्यंत ठिबकनं वाफे ओले करणं. ओली माती जास्त ऊब धरते. कापड असो वा नसो, हे कराच.

आणि झाकायचं कधी? अंदाजात ४ अंश दिसले, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर वाट पाहू नका. तो पारा माणसाच्या छातीच्या उंचीवरचा असतो, वाफ्यालगत त्याहून तीन-चार अंश कमी भरतात. दिवस मावळायच्या आधी कापड ओढा, म्हणजे जमिनीची ऊब आत राहील. दुसऱ्या दिवशी फुलांचा मधला भाग पाहा: पाकळ्या पांढऱ्याशुभ्र असल्या तरी तो काळा पडला असेल तर ते फूल फळणार नाही.