आठ महिने ब्लू-रे राइटर वापरल्यानंतर: जुन्या सीडी किती टिकल्या, नव्यांवर किती भरवसा ठेवावा

आमच्या रत्नागिरीजवळच्या गावातलं शिमग्याचं नमन आणि गणपतीतली जाखडी बाबांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर टिपून ठेवली होती. 2005 साली मी त्या 41 कॅसेट संगणकावर घेतल्या आणि सीडीवर उतरवल्या. आवाज न दाबता ठेवला तर मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात. 90 मिनिटांची कॅसेट 700 एमबीच्या सीडीत मावत नाही, म्हणून कॅसेटच्या एका बाजूला एक सीडी, अशा 82 सीडी झाल्या. कॅसेटना बुरशी धरली तेव्हा ‘आता सीडीवर आहे ना’ म्हणून त्या टाकून दिल्या. त्याची हळहळ अजून जात नाही.

गेल्या वर्षी मृगाच्या आधी मी बाहेरून जोडायचा ब्लू-रे राइटर, 25 जीबीच्या साध्या बीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क) आणि थोड्या एम-डिस्क (जास्त टिकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या) घेतल्या. जुनं सगळं वाचून काढायचं आणि नव्या डिस्कवर ठेवायचं, एवढंच काम. राइटरबद्दल तक्रार नाही. फक्त लॅपटॉपच्या एका यूएसबीतून त्याला वीज कमी पडायची आणि राइट करताना मध्येच बंद पडायचा. दोन तोंडांची केबल लावल्यावर तो त्रास थांबला.

82 पैकी 67 सीडी पहिल्या फटक्यात वाचल्या. 9 सीडींसाठी डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून माहिती काढणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवावं लागलं, त्यांतल्या काही तर दुसऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातल्यावरच वाचल्या. 6 सीडींमधला काही भाग कायमचा गेला. गेलेल्या सहाही एकाच स्वस्त स्पिंडलमधल्या, म्हणजे एकावर एक रचून विकतात त्या गठ्ठ्यातल्या होत्या आणि त्यांच्यावर मी हौसेनं कागदी लेबलं चिकटवली होती. सीडीची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो, पण माहितीचा थर असतो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली. लेबलाचा गोंद आणि कागदानं धरलेली ओल तिथूनच आत शिरते. उजेडासमोर धरल्यावर त्या सहांत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसत होती.

याहून जास्त नुकसान डीव्हीडींचं निघालं. 2009 साली पालखी नाचवतानाचं चित्रण मी डीव्हीडींवर काठोकाठ भरलं होतं. डिस्कवर लिहिणं आतून बाहेर जातं, त्यामुळे शेवटचा भाग अगदी कडेला येतो. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि कोकणातला पावसाळा आधी ती कड गाठतो. चार डीव्हीडींमध्ये पालखी सहाणेवर (तिला बसवायच्या ओट्यावर) टेकते तो भागच वाचत नाही. 45 मिनिटांच्या सीडी मात्र कडेपर्यंत भरलेल्याच नव्हत्या. त्यांची बाहेरची पट्टी कोरी राहिली, त्याचाही त्यांना उपयोग झाला असावा. तेव्हापासून मी कोणतीच डिस्क पूर्ण भरत नाही.

‘सीडी किती वर्षं टिकते?’ याला एकच आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास उरलेला नाही. लिहिण्याच्या सीडीत लेझर एका सेंद्रिय रंगावर खुणा उमटवतो, आणि तो रंग कुठला, त्यामागचा धातू कुठला यावर सगळं ठरतं. थॅलोसायानिन रंग आणि सोन्याचा थर असलेल्या सीडीला कॅनडातली संवर्धन संस्था शंभर वर्षांहून जास्त आयुष्य देते. चांदीचा थर असेल तर आयुष्य कमी होतं, सायानिन रंगाचं आणखी कमी. शिवाय हे अंदाज नीट राइट केलेल्या आणि नीट ठेवलेल्या डिस्कचे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 2003 साली दीर्घकाळ साठवणीसाठी 18 अंश सेल्सियस आणि 40 टक्के आर्द्रता सुचवली होती. आमच्याकडे जुलैत हवेत 80 टक्क्यांच्या वर ओल असते.

सगळ्यात मोठा धोका असा की डिस्क बिघडताना काहीच कळू देत नाही. चुका दुरुस्त करायची सोय तिच्या रचनेतच असते, त्यामुळे गाणं शेवटपर्यंत स्वच्छ वाजतं आणि एके दिवशी ती सोय अपुरी पडते. हे आधी कळायला मोजणी करावी लागते. निरो डिस्कस्पीड या सॉफ्टवेअरमध्ये सीडीचे सी1 (सहज दुरुस्त झालेल्या चुका) आणि सी2 (पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका) हे आकडे दिसतात, मात्र ड्राइव्ह ते देणारा हवा. सी2 शून्यच असायला हवा. एक सीडी ऐकायला निर्दोष होती, पण तिचा सी2 चढलेला दिसला. तिची प्रत त्याच दुपारी काढली. ही तपासणी मी दर दोन-तीन वर्षांनी केली असती तर आज ती सहा सीडींतली गाणी माझ्याकडे असती.

नव्या डिस्कबद्दल. बीडी-आर घेताना एलटीएच लिहिलेली घेऊ नका, तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगच असतो. साध्या एचटीएल प्रकारात थर अजैविक असतो. एम-डिस्कच्या खोक्यावर हजार वर्षांचा दावा आहे. आठ महिन्यांत त्यावर मी काय बोलणार? ती कितीतरी महाग पडते, म्हणून फक्त बाबांचा आवाज असलेलं नमन तिच्यावर ठेवलं, बाकी सगळं साध्या बीडी-आरवर. 25 जीबीत 26 कॅसेट मावतील, मी 20 ठेवतो. उरलेल्या जागेत डीव्हीडिझास्टर नावाचं सॉफ्टवेअर दुरुस्तीची माहिती भरतं, म्हणजे पुढे काही भाग वाचला नाही तरी परत मिळवता येतो. सगळ्यात जास्त वेगानं राइट करत नाही. राइट झाल्यावर प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून बघतो. मग डिस्क आपापल्या डबीत उभी, डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

पावसाळा संपल्यावर दिवाळीत सगळ्या नव्या डिस्क पुन्हा ताडल्या. एकाही फाइलमध्ये फरक आला नाही.

काळजी आहे ती डिस्क वाचणाऱ्या यंत्राची. एकेकाळी जिच्या सीडी घरोघरी होत्या ती आपली मोझर बेअर 2018 साली अवसायनात गेली. लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्क बनवणं पॅनासॉनिकनं 2023 मध्ये आणि सोनीनं फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो. म्हणून मी एक जादा राइटर घेऊन ठेवला आहे आणि सगळं हार्ड डिस्कवरही ठेवलं आहे.

हरवलेल्या सहा सीडींपैकी दोन परत मिळाल्या. बाबा मुंबईच्या चाकरमान्यांना कॅसेट भरून द्यायचे. लालबागच्या एका घरात तशी एक कॅसेट कपाटात निघाली, दोन्ही बाजू शाबूत. ती उतरवून झाली आहे आणि या वेळी कॅसेटही जपून ठेवली आहे. सगळ्या डिस्कचा दुसरा संच पुण्याला ताईकडे असतो. पुढच्या महिन्यात शिमग्याला ती तो घेऊन येईल, तेव्हा इथे ताडून तिच्याबरोबरच परत पाठवायचा आहे.