लिंडा पेरी: गाणारी की लिहून देणारी?
‘फोर नॉन ब्लाँड्स’ या अमेरिकन रॉक बँडची गायिका लिंडा पेरी १९९३ मध्ये ‘व्हॉट्स अप?’ या गाण्यामुळे जगभर पोचली. डोक्यावर उंच टोपी, टोपीवर गॉगल आणि शिरा ताणून मारलेल्या त्या हाका! वर्षभरात बँड सुटला; १९९६चा सोलो अल्बम फारसा चालला नाही.

दुसऱ्यांना गाणी लिहून देणारी लिंडा मात्र जास्त टिकली. २००१ मध्ये पॉप गायिका पिंकला ‘गेट द पार्टी स्टार्टेड’, २००२ मध्ये गायिका क्रिस्टिना अग्विलेराला ‘ब्युटिफुल’. रेकॉर्डिंगच्या वेळी क्रिस्टिना मैत्रिणीला ‘माझ्याकडे बघू नकोस’ म्हणाली. लिंडाने ते गाण्याच्या सुरुवातीला तसंच ठेवलं. असा कान नुसत्या गाणारीकडे असतोच असं नाही. ग्रॅमी अर्थात क्रिस्टिनाच्या गळ्याला मिळालं.

टिकायचं म्हणाल तर दुसरी वाट सरस. पण खरं सांगू? मला अजून त्या टोपीवालीच्या हाकाच ऐकू येतात.