लक्सर ते आस्वान: मोठं जहाज, दहाबिया, फलुका की सरळ गाडी?

नाईलची सफर म्हणून जी विकली जाते, ती बहुतेक वेळा जेमतेम 220 किलोमीटरची असते. कैरोहून लक्सरपर्यंत लोक विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने येतात आणि बोटीत पाय ठेवतात तो तिथेच. पुढे आस्वानपर्यंतच्या पट्ट्यात एस्ना, एडफू आणि कोम ओम्बो ही तीन मोठी देवळं आहेत. लक्सरचं कर्नाक आणि राजांची दरी एका टोकाला, फिलीचं बेटावरचं देऊळ दुसऱ्या टोकाला. कशानेही गेलात तरी देवळं हीच. देवळाच्या दारात किती वाजता आणि किती लोकांसोबत पोचाल, हे मात्र वाहनावर ठरतं. केबिनचे फोटो त्यानंतर बघा.

वाऱ्याचं गणित आधी समजून घेतलेलं बरं. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा वर्षातला बराच काळ उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणून शिडाची बोट आस्वानकडे वाऱ्यावर चढते आणि लक्सरकडे प्रवाहाने उतरते. इंजिनाच्या जहाजाला याचं सोयरसुतक नाही, पण दहाबिया आणि फलुका या शिडाच्या बोटी उलट दिशांना का जातात ते यावरून कळतं.

मोठं जहाज

मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्या इजिप्त म्हटलं की हेच देतात. तीन-चार मजले, साठ-सत्तर केबिन, गच्चीवर छोटा तरणतलाव, तिन्ही वेळचं जेवण भाड्यात. लक्सरहून आस्वानला चार रात्री, उलट दिशेने तीन. यातली मेख अशी की चारपैकी साधारण दोन रात्री जहाज धक्क्यालाच बांधलेलं असतं, एक लक्सरला आणि एक आस्वानला. नदीवरचा खरा प्रवास म्हणजे दोन दुपारी, काही रात्रीचे तास आणि एस्नाच्या बंधाऱ्यातल्या लॉकमधून, म्हणजे दारं लावून पाणी वर-खाली करतात त्या कप्प्यातून, पार होणं. त्यामुळे ज्यांना लक्सर नीट बघायचं आहे त्यांनी आस्वानहून तीन रात्रींचं जहाज घ्यावं आणि उतरल्यावर लक्सरमध्ये हॉटेलात दोन रात्री राहावं. चार रात्रींच्या पॅकेजपेक्षा हे जवळपास नेहमीच चांगलं जमतं.

जहाजं ठरलेल्या वारीच सुटतात. आधी विमानाची तिकिटं काढून मग जहाज शोधलं, तर मध्ये एखादा दिवस फुकट जातो किंवा नको ते जहाज गळ्यात पडतं. आधी जहाजाची तारीख पक्की करा, मग विमान.

या जहाजांची खरी अडचण म्हणजे ती सगळी एकाच वेळापत्रकावर चालतात. एडफूला सगळी रात्री पोचतात आणि पहाटे सहाच्या सुमारास प्रवाशांना टांग्यात बसवून देवळाकडे पाठवतात. कोम ओम्बोला सगळी दुपारनंतर किंवा संध्याकाळी लागतात. त्या दोन-तीन तासांत एडफूच्या गाभाऱ्यापाशी रांग लागते आणि गाइडचा आवाज दुसऱ्या गाइडच्या आवाजात बुडतो. वाईट याचं वाटतं की इ.स.पू. 237 साली सुरू होऊन 57 साली पुरं झालेलं हे होरस देवाचं देऊळ इजिप्तमधल्या सगळ्यांत शाबूत देवळांपैकी एक आहे. आत जाताना जमीन हळूहळू चढत जाते, छत खाली येत जातं आणि उजेड कमी होत जातो. हे जाणवायला थोडी शांतता लागते. गाइडने वेळ दिला की गर्दीबरोबर पुढच्या दालनात न जाता आधी बाहेरच्या तटाच्या आतल्या बोळातून चक्कर मारा. होरसने पाणघोड्याच्या रूपातल्या सेत या शत्रू देवाला भाल्याने मारल्याची शिल्पं त्या भिंतीवर आहेत आणि तिकडे माणसं कमी असतात.

एडफूच्या टांग्याचा नंबर लक्षात ठेवा, परतताना तोच शोधावा लागतो. भाडं पॅकेजमध्ये भरलेलं असलं तरी टांगेवाला बक्षीस मागतोच. काही घोड्यांची अवस्था बघवत नाही. नको वाटलं तर आदल्या रात्रीच गाइडला सांगून गाडी किंवा टुकटुक ठरवा, कारण सकाळी धक्क्यावर ऐकून घ्यायला कोणी मोकळं नसतं.

केबिन निवडताना दोन गोष्टी. सगळ्यांत खालच्या मजल्याच्या खिडक्या पाण्याला टेकलेल्या असतात आणि मागच्या टोकाला इंजिनाची घरघर रात्रभर चालते. मधल्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळची केबिन मागा. आणि खिडकीतून नदी दिसेलच असं समजू नका. लक्सर आणि आस्वानला जहाजं डेपोतल्या एसटीसारखी एकमेकांना खेटून उभी करतात. पडदा उघडला की समोर दुसऱ्याच्या केबिनचा पडदा, आणि काठावर जायचं तर तीन-चार जहाजांच्या लॉबीतून. सोबत गुडघे दुखणारी ज्येष्ठ मंडळी असतील, तर जहाजात लिफ्ट आहे का आणि ती गच्चीपर्यंत जाते का, हे लेखी विचारून घ्या.

एस्नाचा बंधारा मात्र गच्चीवरूनच बघायचा. जहाजं तिथे आपला नंबर यायची वाट बघत थांबतात आणि छोट्या होड्यांमधले विक्रेते खालून हाका मारत गलाबिया (लांब झगे), शाली, टेबलक्लॉथ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन मजले वर फेकतात. भाव ओरडून ठरतो. पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नको असेल तर कापड परत. नेम कमालीचा असतो. एस्नाचं ख्नूम देवाचं देऊळ बऱ्याच जहाजांच्या कार्यक्रमात नसतं. ते आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे नऊ मीटर खाली, खड्ड्यात उभं आहे. चोवीस खांबांच्या दालनाच्या छतावरची काजळी अलीकडच्या वर्षांत साफ केल्यावर खालचे निळे-लाल रंग ताजे असल्यासारखे निघाले आहेत. पॅकेजमध्ये एस्ना लिहिलेलं असेल, तर देऊळ दाखवणार की नुसता बंधारा, हे विचाराच.

दहाबिया

दोन शिडांची लांबट बोट, सहा ते दहा केबिन, स्वतःचं इंजिन नाही. वारा पडला की पुढे एक छोटी टगबोट लांब दोराने ओढत नेते. बहुतेक दहाबिया लक्सरहून न निघता एस्नाहून निघतात, म्हणजे बंधाऱ्याची रांग टळते. तिथपर्यंत गाडीने सुमारे तासभर. आस्वानला पोचायला चार ते पाच रात्री लागतात आणि भाडं चांगल्या मोठ्या जहाजाच्या दुपटीहून अधिक धरून चाला.

हे पैसे कशाचे? मोठी जहाजं जिथे लागूच शकत नाहीत, त्या जागांचे. एल-काबला कच्च्या विटांचा अवाढव्य तट आणि टेकडीत कोरलेल्या थडग्यांमध्ये शेतीची, द्राक्षं तोडण्याची चित्रं आहेत. गेबेल एल-सिलसिला येथे नदी दोन्ही बाजूंच्या वालुकाश्माच्या कड्यांमध्ये चिंचोळी होते. कर्नाक, एडफू, कोम ओम्बो यांचा दगड या खाणींमधून गेला. उभ्या कापलेल्या भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या, समांतर ओळी अजून तशाच आहेत. हात लावून बघितल्या तर एका माणसाचा हात किती उंच पोचत होता ते कळतं. कर्नाकचे 134 खांब पाहून इथे आलात, तर खांबांकडे बघायची नजर बदलते. दगडाच्या कामात रस असेल, तर दहाबियाच्या जादा खर्चाला सिलसिला हे एकच कारण पुरेसं आहे. उलट, देवळांची यादी लवकर पुरी करायची असेल, तर ही बोट रेंगाळल्यासारखी वाटेल.

इथे बिघडतं ते वाऱ्यामुळे. मार्च ते मे दरम्यान दक्षिणेकडून खमसीन हा धुळीचा गरम वारा कधीही सुटतो. मग शिडं गुंडाळलेली आणि बोट दोरामागे. ‘शिडावरचा प्रवास’ असं लिहिलेलं असलं तरी कमी-अधिक ओढत नेणं प्रत्येक सफरीत येतंच. गच्चीचे जिने अरुंद असतात आणि काठावर उतरायला एक फळी. सत्तरीच्या आई-वडिलांसाठी मोठं जहाजच बरं. दहा-बारा जणांचा ओळखीचा गट असेल, तर अख्खी दहाबिया घेतल्यावर माणशी खर्च बराच खाली येतो आणि कुठे किती थांबायचं ते रईसशी, म्हणजे बोटीच्या तांडेलाशी, बोलून ठरवता येतं.

फलुका

एका शिडाची उघडी होडी. गाद्या अंथरलेल्या, वर कापडी छत, केबिन नाही, संडास नाही. आस्वानहून निघून प्रवाहाबरोबर कोम ओम्बोच्या दिशेने एक किंवा दोन रात्री. सगळ्यांत स्वस्त. अंधार पडला की काठाला लागते आणि झोप होडीतच. समोरून वारा येत असल्याने होडी या काठावरून त्या काठाला नागमोडी जाते. अंतर हळूहळू कापलं जातं, म्हणून शेवटचा टप्पा बरेचदा गाडीनेच करतात.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान 10 अंशांच्या आसपास उतरतं आणि पाण्यावरचा वारा वेगळा. पांघरूण स्वतःचं न्यावं. मोठ्या गटांबरोबर कधी संडास असलेली आधार-बोट असते, ती आहे का विचारा. नसेल तर काठावरची झुडपं. काठच्या साचलेल्या पाण्यात पाय सोडून बसू नका, त्यात बिलहार्झियाच्या जंतांचा धोका असतो. देवळांसाठी फलुका घेणं व्यर्थ आहे, ती नदीसाठी घ्यायची. रात्र काढायची तयारी नसेल, तर आस्वानमध्ये संध्याकाळी दोन तासांची फलुका घ्या, निम्मी मजा तिथे मिळते.

गाडी आणि रेल्वे

याला कोणी सफर म्हणत नाही, पण देवळांसाठी आलेल्या माणसाला हाच पर्याय सगळ्यांत शहाणपणाचा ठरू शकतो. लक्सरहून सकाळी गाडी ठरवली की एस्ना, एडफू (लक्सरपासून सुमारे 110 किमी), तिथून 65 किमीवर कोम ओम्बो आणि पुढे पंचेचाळीस-पन्नास किमीवर आस्वान. थांबे धरून आठ-नऊ तास. एडफूला अकरा-साडेअकराला पोचलात, तर सकाळची जहाजं निघून गेलेली असतात. कोम ओम्बोला दुपारी दोनच्या सुमारास ऊन कडक, पण गर्दी कमी. मगरीच्या रूपातला सोबेक आणि थोरला होरस अशा दोन देवांचं हे जुळं देऊळ आणि शेजारचं मगरींच्या ममींचं दालन तासाभरात निवांत होतं.

रेल्वेने लक्सर-आस्वान तीन-साडेतीन तास. पण मध्ये उतरून देवळं बघायचा बेत आखताना एक गोष्ट ध्यानात घ्या: एडफूचं स्टेशन पूर्व काठावर आहे आणि देऊळ पुलापलीकडे पश्चिमेला, सुमारे चार किमीवर. सामान घेऊन ही उठाठेव करण्यापेक्षा गाडी बरी.

लक्सरमध्ये हॉटेलात राहिलात की डेंडेरा (सुमारे 60 किमी) आणि अबिडोस (सुमारे 160 किमी) इथली देवळं एका दिवसात होतात. दोन्ही लक्सरच्या उत्तरेला, म्हणजे आस्वानच्या जहाजांच्या वाटेवर नाहीतच. अबिडोसला सेती पहिला या फॅरोच्या देवळातलं कोरीवकाम पाहिल्यावर बरेच जण हळहळतात, की एक रात्र जहाजावर कमी काढली असती तर बरं झालं असतं.

अबू सिंबेलचा घोळ

लक्सरहून सुटलेलं कोणतंही जहाज अबू सिंबेलला, म्हणजे दक्षिणेकडच्या रामसेस दुसरा याच्या प्रसिद्ध देवळांपाशी, जात नाही. मध्ये 1970 साली पूर्ण झालेलं आस्वानचं उंच धरण आहे. अबू सिंबेलला आस्वानहून गाडीने जायचं, एका बाजूला सुमारे 280 किमी, साडेतीन तास. पहाटे चारच्या सुमारास निघून दुपारी परत. पॅकेजमध्ये हा दिवस कुठे बसवलाय ते बघा. जहाज सोडायच्या दिवशी असेल, तर पहाटे सामान बांधून केबिन रिकामी करावी लागते. जहाज दुपारी सुटणार त्याच दिवशी असेल, तर देवळासमोर दोन तासही नीट मिळत नाहीत.

धरणामागच्या नासर सरोवरावर वेगळी, मोजकी जहाजं चालतात, तीन किंवा चार रात्रींची. वादी एस-सेबुआ, अमादा ही पाण्यातून वाचवलेली देवळं वाटेत. अमादाच्या भिंतींवर गिलाव्यावरची रंगीत शिल्पं असल्याने ते कापता येईना, म्हणून रुळांवरून सुमारे अडीच किमी सरकवलं. इजिप्तला दुसऱ्यांदा जाणाऱ्याने आधी याचा विचार करावा, काठावर गाव नाही आणि गर्दी तर नाहीच.

महिना, कार्ड, पानातलं

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत आस्वानचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेव्हाच जमत असेल, तर एसी असलेलं मोठं जहाजच घ्या. दिवाळी लवकर आली तर एक बघा: 22 ऑक्टोबरला (आणि 22 फेब्रुवारीला) अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात आणि त्या दिवशी तिथे तुफान गर्दी असते. 2027 मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तेव्हा स्थळं लवकर बंद होतात.

मोठ्या स्थळांची तिकिटं बहुतेक ठिकाणी फक्त कार्डाने मिळतात. व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, परदेशी व्यवहार निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरू करा आणि रुपेच्या भरवशावर राहू नका. राजांच्या दरीत साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामुन आणि सेती पहिला यांचं वेगळं तिकीट. रोख लागते ती बक्षिसीला, म्हणून सुट्या नोटा साठवत राहा.

शाकाहारी माणसाचे हाल फार होत नाहीत. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, काबुली चणे आणि वर तळलेला कांदा. बाकल्याच्या दाण्यांची ‘फूल’ नावाची घोटीव उसळ आणि त्याच बाकल्याचे तळलेले ताअमेया नाश्त्याला मिळतात. फसगत होते ती मसुराच्या सूपमध्ये आणि मुलुखिया या पालेभाजीत, कारण दोन्ही बरेचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. दिसायला शुद्ध शाकाहारी असतं, म्हणून ‘मांस आहे का’ असं न विचारता ‘कशाच्या पाण्यात शिजवलं’ असं विचारा. दहाबियावर स्वयंपाकी एकच असतो आणि बाजारहाट निघण्याआधीच होते, त्यामुळे जैन जेवण हवं असेल तर आरक्षण करतानाच कळवा. मोठ्या जहाजावर बुफे असल्याने हा प्रश्न सुटतो, पण पिण्याचं पाणी आणि चहा-कॉफी भाड्यात आहेत की शेवटच्या दिवशी बिलात येणार, हे मात्र तिथेही आधीच ठरवून घ्या.