बॉयसीत गाणं ऐकायचं तर आधी गुडघे तपासून घ्या

डावा गुडघा उशीवर, त्यावर फ्रीझरमधलं मटारचं पाकीट आणि मांडीवर लॅपटॉप. गुरुवारी रात्री साडेतीन तास सिमेंटच्या जमिनीवर उभा राहिलो, त्याचा हा प्रसाद. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरातल्या गाण्याच्या जागांबद्दल मार्चमध्ये मी सगळ्यांना जे भरभरून सांगत सुटलो होतो, त्यातलं निम्मं आज मागे घेतोय. आठ महिने, तेरा कार्यक्रम, सगळा खर्च खिशातून. तेव्हा थोडं तिरकसपणे लिहिलं तर समजून घ्या.

(उच्चार 'बॉयसी'. 'बॉयझी' म्हणालात की इथली माणसं लगेच ओळखतात, हा कालपरवा आलाय.)

चूक माझीच. मी हे शहर ट्रीफोर्टमध्ये पाहिलं. २०१२ साली सुरू झालेला, मार्चअखेरीस पाच दिवस डाउनटाउनभर चालणारा हा संगीत महोत्सव. मनगटाला पट्टा बांधायचा आणि एका दारातून दुसऱ्या दारात शिरायचं. बारमध्ये पंक, चर्चमध्ये कोणी एकटी बाई गिटार घेऊन, रस्त्यावर ट्रम्पेटवाले. मी खूश. पण पाचही दिवस मी चालत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. अर्धा तास उभं राहायचं, पाचशे पावलं चालायचं, पुन्हा अर्धा तास. गुडघ्याला तक्रार करायला सवडच मिळाली नाही. शोरूममधून गाडी एक चक्कर मारून आणावी आणि लगेच पैसे मोजावेत, तसं झालं.

एप्रिलपासून खरा वापर सुरू झाला. तिकिटावर 'दार सात, कार्यक्रम आठ' असं छापलेलं असतं. नवखा माणूस पावणेसातला रांगेत लागतो. मी लागलो. आठला जो येतो तो मुख्य बँड नसतो. त्याच्यानंतर आणखी एक. मग अर्धा तास काळ्या टी-शर्टातली पोरं वायरी गुंडाळत बसतात. ज्यांच्यासाठी तिकीट काढलं ते नऊ-सव्वानऊला येतात. तोवर तुम्ही दोन तास उभे. भिंतीला टेकायची जागा साडेसातलाच भरलेली. खुर्ची? एकही नाही. मी मोजल्या आहेत. एका जागी (नाव घेत नाही) एकच खुर्ची दिसली, तिच्यावर सुरक्षारक्षक बसला होता.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. आमच्याकडे सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट काढलं तरी मांडी घालायला जागा मिळते, आणि कोपऱ्यात लोडासारखी उशी घेऊन आलेले काका असतातच. गाणं उभ्याने ऐकायचं ते गणपतीच्या मिरवणुकीत.

पैशांचं एकदाच सांगतो. माझं अठ्ठावीस डॉलरचं तिकीट ऑनलाइन काढताना शेवटच्या पानावर एकोणचाळीसचं झालं. 'सोयीचं शुल्क' म्हणे. कुणाची सोय? मग कळलं की काही ठिकाणी खिडकीवर जाऊन काढलं तर हे शुल्क कमी लागतं किंवा लागतच नाही. तेव्हापासून नदीकाठच्या ग्रीनबेल्टवरून सायकल हाणत जातो. जाऊनयेऊन अठरा किलोमीटर, वाचले नऊ डॉलर. बायको म्हणते, गुडघा त्यानेच गेला. वाद चालू आहे.

मात्र एका बाबतीत मत बदललं. सुरुवातीला राग यायचा की चांगला बँड नेमका मंगळवारी किंवा बुधवारीच का येतो. एकदा नकाशा उघडून बसलो. सॉल्ट लेक सिटीपासून बॉयसी साधारण साडेपाचशे किलोमीटर, तिथून पोर्टलंड आणखी सातशेच्या आसपास. मधे दुसरं मोठं गाव नाही. व्हॅन घेऊन निघालेल्या पोरांना इथे मुक्काम टाकावाच लागतो, आणि मुक्काम टाकलाच आहे तर वाजवून पेट्रोलचे पैसे तरी काढावेत. शुक्रवार-शनिवार मोठ्या शहरांना, आपल्याला मधले वार. आधी हे उष्टं वाटलं. आता वाटतं, हीच या गावाची चैन. मंगळवारी न्यूरोलक्स नावाच्या बारच्या अंधारात साठ-सत्तर माणसं असतात आणि गिटारवाल्याच्या पायाखालची पेडलं मोजता येतात. बिल्ट टू स्पिल हा १९९२ पासूनचा बँड याच गावचा. त्यांचं लांबलचक गिटारवादन मला आधी नुसतं वाजतच राहिल्यासारखं वाटायचं. आता कळतंय की हे आलापीसारखं घ्यायचं, घाई करायची नाही. २०२३ साली उघडलेल्या ट्रीफोर्ट म्युझिक हॉलमध्ये आवाज इतका स्वच्छ की मी कानातले फोमचे बोळे एक गाणंभर काढून ठेवले. एकच गाणं. बोळ्यांशिवाय जाऊ नका.

जूनमध्ये आई आली. वय अडुसष्ट. उत्साहाने तिलाही एका ठिकाणी घेऊन गेलो. दारावरच्या दाढीवाल्याने तिच्याकडे ओळखपत्र मागितलं. बारची जागा, एकवीसच्या खाली प्रवेश नाही, त्यामुळे सरसकट सगळ्यांचं बघतात. आईचा पासपोर्ट घरी, कपाटात, साडीच्या घडीखाली. मी म्हटलं, अहो, तिचे केस बघा. तो हसला, पण सोडलं नाही. आई मराठीत म्हणाली, "मला एकवीसच्या आतली समजतोय का हा?" आणि परत येताना गाडीत चक्क खुशीत होती. पैसे परत मागितले, तर दोन दिवसांनी उत्तर आलं की ओळखपत्र आणणं ही तिकीटधारकाची जबाबदारी. अठ्ठ्याहत्तर डॉलर पाण्यात. नियम बरोबर असेल, उत्तराचा सूर बरोबर नव्हता.

त्यानंतर मी खुर्च्या असलेल्याच जागा शोधायला लागलो आणि हे गाव मला पुन्हा आवडायला लागलं. मेन स्ट्रीटवरचं इजिप्शियन थिएटर १९२७ सालचं. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि सगळ्यांनाच इजिप्तचं वेड लागलं, त्या लाटेतलं. आत रंगवलेले खांब, पंख पसरलेले पक्षी, आणि मूकपटांच्या काळातला ऑर्गन अजून जागेवर. आणि खुर्च्या! गादीच्या, घडी होणाऱ्या! तिथे ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलचं अमेरिकी लोकसंगीत, ऐकलं. बँजोवाला प्रत्येक गाण्याआधी तारा पिळत होता. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लावू दे, लावू दे. बेसूर वाजवण्यापेक्षा बरं." संध्याकाळभर एवढीच टिप्पणी, म्हणजे कार्यक्रम पसंत पडला.

दुसरी जागा म्हणजे बोटॅनिकल गार्डनमधलं आउटलॉ फील्ड. शेजारी जुना तुरुंग, १८७२ चा, शंभर वर्षं चाललेला. दगडी भिंती, मागे पिवळे डोंगर, आणि जमिनीवर गवत. आईने घरून नेलेली सतरंजी पसरली, चपला काढून बाजूला नीट लावल्या आणि मांडी घातली. शेजारच्या जोडप्यानेही पाहून बूट काढले. "हे आपल्या रमणबागेसारखं आहे," असं प्रमाणपत्र मिळालं (सवाई पूर्वी तिथे व्हायचा). खोट एकच. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे पहिला दीड तास तळपत्या उजेडात जातो. टोपी न्या.

लेक पंधराची आहे, तिला बारमध्ये घेत नाहीत. तिच्यासाठी रेकॉर्ड एक्स्चेंज हे १९७७ पासूनचं दुकान आहे. बँड संध्याकाळी कुठे वाजवणार असला की कधीकधी दुपारी दुकानातच, रेकॉर्डच्या खोक्यांमध्ये उभं राहून चार गाणी वाजवतो. फुकट. उभंच राहावं लागतं, पण वीस मिनिटं. तेवढं माफ.

आणि हो, बसून ऐकायची रीत इथे नवीन नाही. जॅझ पियानोवादक जीन हॅरिस सत्तरच्या दशकात दौऱ्यांचा कंटाळा येऊन या गावी राहायला आला आणि आयडॅन्हा हॉटेलात वाजवू लागला. त्या हॉटेलात लोक ग्लास पुढ्यात घेऊन, खुर्चीत बसून ऐकत असणार. मी चुकीच्या दशकात आलो.

आता गुरुवारचं. दोनदा ठरवून उशिरा गेलो होतो, गुडघा वाचवायला. दोन्ही वेळा कळलं की आधीचा बँडच सरस होता. म्हणून गुरुवारी लवकर गेलो. तिसऱ्या तासाला मी बारच्या टोकाला कोपर टेकून एका पायावर उभा होतो, बगळ्यासारखा. बारमागच्या मुलीने पाहिलं. काही न बोलता तिने खालून दुधाचं प्लॅस्टिकचं क्रेट ओढलं, उलटं केलं, त्यावर बारचा टॉवेल चार घड्या करून ठेवला आणि पायाने माझ्याकडे सरकवलं. बसलो. समोर फक्त लोकांच्या पाठी आणि एका जॅकेटवरचा शिवलेला ट्राउट मासा. स्टेज दिसत नव्हतं, पण बास क्रेटमधून थेट कण्यात चढत होता. शेवटची पाच गाणी मी अशीच ऐकली, आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली. निघताना टिपच्या बरणीत पाच डॉलर टाकले. माझ्या हिशेबात हे फार आहेत.

घरी येऊन कळलं की उभं राहता येत नसेल तर आधी ईमेल टाकला की बऱ्याच जागा बसायची सोय करतात. संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आठ महिने मी ते वाचलं नव्हतं. तेव्हा वर खुर्च्यांबद्दल जे लिहिलंय ते थोडं सौम्य करून वाचा. अडीच चांदण्या देणार होतो, साडेतीन करतो. अर्धी त्या क्रेटची.

घडीची छोटी तिपाई कुणी आत नेऊन दाखवली असेल तर कशी नेलीत ते सांगा. मला दोन ठिकाणी दारावरून परत जाऊन ती गाडीत ठेवावी लागली आहे.