हलणारा दुधाचा दात: थांबावं, ओढावा की डॉक्टरकडे जावं?

मुलाचा पुढचा दात हलायला लागला की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, दोरा बांधा आणि एका झटक्यात मोकळे व्हा. आई म्हणते, राहू दे, पडेल आपोआप. आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या घरात दोन्ही करून झालं: मोठ्याचा दात दोऱ्याने ओढला, धाकटीचा तसाच राहू दिला. आता कुणी विचारलं तर मी थांबायलाच सांगते.

दुधाचा दात पडतो, कारण खालून कायमचा दात वर सरकतो तसं त्याचं मूळ विरघळत जातं. शेवटी दात नुसत्या हिरडीच्या कातड्यावर लोंबतो. मूळ शिल्लक असताना ओढला तर दुखतं, रक्त जास्त येतं आणि कधी मुळाचा तुकडा आत राहतो. मोठ्याचा दात पुढेमागे हलत होता, पण गोल फिरत नव्हता. हा फरक आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता. दोरा ओढला, दात अर्धवट उपटला आणि पोर किंचाळलं. दात रात्री कधीतरी निघाला, पण भीती राहिली. पुढचा दात हलायला लागला तेव्हा त्याने आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही, एका बाजूने जेवत राहिला.

धाकटी सहा वर्षांची. ती दिवसभर जिभेने दात ढकलायची. पार आडवा पडायचा, सोडला की पुन्हा उभा. असं दोन आठवडे चाललं. एका सकाळी पोदेराचा उंडा, म्हणजे पाववाल्याचा गोल पाव, खाताना ती थबकली आणि घास हातावर काढला. पावाच्या कडक सालीत तांदळाच्या कणीसारखा दात रुतला होता. रक्ताचे दोन थेंब, तेही लगेच थांबले.

थांबण्यात त्रासही आहे, तो लपवत नाही. दिवस लागतात. दुखेल म्हणून मूल तिथे ब्रश लावत नाही, मग हिरडी लाल होते; मऊ ब्रशने ती जागा आपणच घासून द्यावी. दात गिळला जाईल ही धास्ती असते, पण गिळलेला दात बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातो. खोकल्याची उबळ थांबेना किंवा श्वास अडकला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

घरी काढायचाच असेल तर दोन गोष्टी जुळायला हव्यात: दात सगळीकडे फिरतो आणि मूल स्वतः ‘काढ’ म्हणतं. हात धुऊन स्वच्छ कापडात दात धरायचा, हलका पीळ द्यायचा. अडला तर सोडून द्यायचा. दोरा बांधून ओढणं किंवा तो दरवाजाला बांधून दरवाजा लोटणं नकोच. रबरबँड तर त्याहून वाईट, तो हिरडीखाली सरकून दातांभोवतीचं हाड खातो. निघाल्यावर कापडाची घडी दहा-पंधरा मिनिटं चावून धरायला द्यायची आणि त्या दिवशी जोरात चूळ भरू द्यायची नाही. थंड दहीभात चालतो.

डॉक्टरांकडे जायचं ते खरी अडचण असेल तेव्हा. पडल्याने किंवा मार लागून दात हलला, हिरडीवर फोड किंवा सूज आली, रक्त अर्ध्या तासातही थांबलं नाही, किंवा चार वर्षांच्या आतच दात हलू लागला, तर वाट पाहू नये. खालच्या दातांमागे दुसरी रांग उगवली की आईबाप हादरतात. समोरचा दुधाचा दात हलत असेल तर तो बहुधा स्वतः पडतो आणि जीभ नव्याला पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत तो हललाच नाही तर मात्र दाखवायचा. डॉक्टर आधी बधिर करून दात काढतात, म्हणून मुलाला वेदना कमी होते. वेळ आणि फी लागते एवढंच. बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. डिचोली-साखळीकडून पावसाळ्यात तिथवर जाण्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून साध्या हलत्या दातासाठी मी जाणार नाही.

दाढांचा हिशेब वेगळा. दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. किडून फार लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताला जागा उरत नाही, म्हणून डॉक्टर तिथे स्पेस मेंटेनर, म्हणजे ती जागा राखून ठेवणारं साधन, बसवतात. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नव्हे, कायमची. ती किडली किंवा हलली तर ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणून सोडू नका.