गालिच्यावरील डाग ओढून काढणारे हातयंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गालिच्यावर काही सांडले की आजवर माझी सारी भिस्त साबणाचे पाणी, ब्रश आणि मनगटाचा जोर यांवरच असे. डाग त्या दिवशी दिसेनासा व्हायचा आणि दोन दिवसांनी त्याच जागी, कधी थोडा पसरून, पुन्हा वर यायचा. या एकाच तक्रारीपायी मी आठ महिन्यांपूर्वी पाणी फवारून तेच पाणी परत ओढून घेणारे छोटे यंत्र घेतले. त्याला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि दुसरी मळक्या पाण्याची. नळीच्या टोकाला पाणी फवारणारा खटका आणि पारदर्शक तोंड असते. आमच्याकडे बैठकीत पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्याचा आणि झोपण्याच्या खोलीत लोकरीचा असे दोन गालिचे असल्यामुळे दोन्हींवर त्याचा कस पाहता आला.

पहिली कसोटी चहाची लागली. भरलेला कप उपडा झाल्यावर आधी पांढऱ्या सुती फडक्याने, कडेकडून मध्याकडे येत, न घासता नुसते दाबून जितके टिपता येईल तितके टिपले. मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच मिनिटांनी यंत्र फिरवले. त्या पारदर्शक तोंडातून पाणी वर चढताना दिसते. पहिल्या हाताला ते गडद तपकिरी होते, तिसऱ्या हाताला फिकट पिवळसर, आणि पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ दिसू लागल्यानंतरही आणखी चार हात रंगीत पाणी येतच राहिले. डाग परत का येतो, हे मला त्या चार हातांनी शिकवले. सांडलेला द्रव धाग्यांच्या बुडाशी आणि अस्तरात उतरलेला असतो. वरचा भाग वाळू लागला की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा तो धाग्यांतून वर चढतो आणि टोकाशी येऊन वाळतो. म्हणून आता मी एक ओला हात फिरवला की खटका सोडून तीन कोरडे हात फिरवते, आणि शेवटी त्या जागी कोरडे फडके ठेवून त्यावर रात्रभर वजन ठेवते. त्यानंतर चहाचा एकही डाग परतलेला नाही.

यंत्रासोबत आलेल्या द्रवाबद्दल मात्र माझे मत बदलले आहे. सांगितलेल्या मापाने घातल्यावर फेस फार होतो आणि धाग्यांत राहिलेला चिकट अंश येणाऱ्याजाणाऱ्या पायांची धूळ धरून ठेवतो. पहिल्या महिन्यात साफ केलेली जागा तीन आठवड्यांत आजूबाजूपेक्षा काळपट दिसू लागली, ती याच कारणाने. मी माप निम्मे केले आणि शेवटची फेरी नुसत्या पाण्याने घेऊ लागले. तेव्हापासून ती अडचण आलेली नाही.

रक्ताच्या डागाला थंडच पाणी वापरावे, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. मांजराच्या मूत्राच्या बाबतीत यंत्र एकटे अपुरे पडले. मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे जागा स्वच्छ दिसूनही दमट हवेत वास पुन्हा उठतो. तिथे एन्झाइमयुक्त द्रव अस्तरापर्यंत पोहोचेल इतका ओतून, वर ओले फडके झाकून तो काही तास ओला राहू दिला आणि मगच ओढून घेतला, तेव्हा वास गेला. हा उपाय मी बैठकीतल्या गालिच्यावरच केला. लोकर स्वतःच प्रथिन असल्यामुळे प्रथिने फोडणारे एन्झाइम तिच्यावर वापरू नये. आपला गालिचा कशाचा आहे याची खात्री नसेल तर एक सुटा धागा काढून जाळून पाहावा, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

तेलाच्या डागावर निकाल मध्यम आहे. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे चहा त्यावरून लवकर सुटतो. तेलाला मात्र तो धागा धरून ठेवतो. भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून दोनदा हात फिरवावे लागले, तरी तिरप्या उजेडात पुसटशी खूण अजून दिसते.

यंत्राची निगा हा कष्टाचा भाग आहे. मळकी टाकी त्याच दिवशी धुतली नाही, तर दुसऱ्या दिवशी नळीला कुबट वास येतो, आणि तोंडात अडकलेले केस चिमट्याने काढावे लागतात. आवाजही मोठा आहे. लोकरीचा गालिचा सुकायला पूर्ण दिवस लागतो; पंखा चालू ठेवून त्याची कड उचलून ठेवल्यास बुरशीची भीती राहत नाही.

दाराजवळचा एक जुना काळसर पट्टा मात्र पाच वेळा प्रयत्न करूनही गेला नाही. नीट वाकून पाहिल्यावर कळले की तिथे डाग उरलेलाच नाही. वर्षानुवर्षे ब्रशने घासल्यामुळे धाग्यांचा पीळ सुटून टोके पिंजली आहेत आणि त्यामुळे उजेड तिथे वेगळा पडतो. ब्रश मी आता गालिच्याला लावत नाही.